मोऱ्याहून आलेला फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, ऑफिसात ज्याच्याबरोबर बारा वर्षं एका टेबलावर डबा खातोय त्यालाही नाही. एकदा सांगायला गेलो होतो. शब्द तोंडापर्यंत आले आणि ऐनवेळी मी भलतंच बोललो, बेडरूमचा पंखा आवाज करतोय म्हणून. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी जमेल.

पण आधी वंदनाबद्दल सांगतो. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू? तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं.

वंदना माझी बायको. तिचं माहेर मोऱ्याचं, उरणजवळच्या धक्क्याला लागून जो कोळीवाडा आहे तिथलं. मी घाटावरचा, वाईकडचा. द्रोणागिरीच्या एका गोदामात मला नोकरी लागली, तेव्हा उरणात राहायचो. तिथे एका झेरॉक्सच्या दुकानात ती बसायची. एका कागदाच्या दोन प्रती पुरल्या असत्या तिथे मी पाच काढायला लागलो. सहा महिन्यांनी ती म्हणाली, "कागद संपले असतील तर सरळ विचारा." मी विचारलं.

तिची आई उरणच्या बाजारात मासे विकायची. वडील लवकर गेलेले. वंदना आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान हरेश, दोघांना त्या बाईने टोपलीवर वाढवलं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा ताटात मासा पाहून माझे हात थबकले. आई समोर बसली, माझ्या ताटातला मासा घेतला, बोटांनी एकेक काटा काढला आणि मऊ मांस परत माझ्या भातावर ठेवलं. "पोराला काटा लागंल," एवढंच म्हणाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. पुढे मी सराईतपणे मासे खायला लागलो, तरी पहिला तुकडा तीच सोडवून द्यायची.

हे सगळं मी का सांगतोय? कारण ज्या बाईशी मी असं वागलो ती कुणी परकी नव्हती, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून.

लग्नानंतर आम्ही नवीन पनवेलला आलो. दोन खोल्यांचं घर, त्याचे हप्ते, मग मैथिलीचा जन्म, तिची शाळा. वंदना एका दवाखान्यात रिसेप्शनला लागली. तरी वीस तारीख उलटली की आमच्याकडे आमटी जरा पातळ व्हायची आणि वंदनाच्या थट्टेला धार यायची. "आज आपण डाएटवर आहोत," म्हणून ती ताटं वाढायची. बाहेर जेवायला जाणं म्हणजे वडाळे तळ्याच्या काठी एक भेळ दोघांत, आणि मैथिलीला कुल्फी. साड्या ती वर्षातून एकदा घ्यायची, तीही पनवेलच्या जुन्या बाजारात चार दुकानं पालथी घालून. मला कधीही हे कमी आहे असं वाटू दिलं नाही तिने. लोकांसमोर मला 'अहो' म्हणायची, घरात 'अरे', आणि लाडात आली की 'ए घाटी'.

एक गोष्ट मात्र तिला हवी होती. ती लहानपणी आईबरोबर मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायची — पहाटे, टोपल्या घेऊन. काम झालं की त्याच लाँचने परत. "मुंबई म्हणजे माझ्यासाठी ओली टोपली," ती म्हणायची. "मला एकदा रिकाम्या हातांनी मुंबईला जायचंय. फिरायला. एक रात्र राहायचंय. आणि सकाळी उठून दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा प्यायचाय."

लग्नाला नऊ वर्षं झाली त्या जानेवारीत ते जमलं. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने फोर्टमधल्या एका समाजाच्या अतिथीगृहात एका रात्रीपुरती खोली मिळाली. मैथिलीला माझ्या बहिणीकडे ठेवलं. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मोऱ्याला उतरायचं, आईला भेटायचं आणि संध्याकाळच्या एसटीने पनवेल. आईसाठी काहीतरी गोड न्यायचं. हे सगळं तिने दवाखान्याच्या जुन्या लेटरहेडमागे लिहून काढलं होतं.

तिच्या फोनची बॅटरी तेव्हा फुगलेली होती. दुपारपर्यंत जीव टाकायची. म्हणून बसमध्ये बसतानाच तिने फोन बंद केला. "तुझा आहे ना चालू. मैथिलीचं काही असलं तर तुझ्यावर येईल."

त्या शनिवारसारखा दिवस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. ती डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसली आणि झाडाची फांदी काचेला घासून गेली की डोकं खाली घ्यायची. शेवटच्या स्टॉपला उतरून आम्ही परत त्याच बसमध्ये चढलो. संग्रहालयाच्या बाहेर बागेतल्या बाकावर डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. शेजारच्या बाकावरचं जोडपं त्या वासाने उठून गेलं. वंदना त्यांच्याकडे बघत हसली आणि म्हणाली, "चला, बाक रुंद झाला." मी किती वेळ हसत होतो.

मग आम्ही कुलाब्याच्या फुटपाथवर आलो. ती कानातल्यांच्या एका गाड्यापाशी उभी राहिली, घासाघीस करायला लागली. ते काम ती एकटीच चांगलं करते. मी बरोबर असलो की माझा चेहरा बघून विक्रेते भाव उतरवत नाहीत, असं तिचं म्हणणं. म्हणून मी दहा पावलं मागे, एका बंद दुकानाच्या पायरीवर. तेव्हा फोन वाजला.

हरेश होता.

"भावजी, तायचा फोन बंद हाय. आयला कालधरनं बरं नाय. दम लागतोय. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, घरीच हाय. घाबरायचं नाय, पन... सारखी तायचं नाव घेते. तिला सांगा जरा. आज येता आलं तर बरं होईल."

मी म्हणालो, "हो, सांगतो."

फोन खिशात ठेवला. वंदना आली. दोन्ही कानांत दोन वेगवेगळी कानातली घातलेली, एक हिरवं, एक लाल. डोकं एकदा इकडे वळवलं, एकदा तिकडे. "सांग, कुठलं?"

मी म्हणालो, "हिरवं."

आणि मी सांगितलं नाही.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याची उत्तरं पाठ झाली आहेत. आईला दम्याचा त्रास होताच, दर हिवाळ्यात व्हायचा. उद्या दुपारी जाणारच होतो. हरेशच म्हणाला होता, घाबरायचं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती अशी दिसत होती. यातलं एकही खोटं नाही. पण अजून एक होतं, आणि ते मी कधी मोजलं नव्हतं. तो दिवस मलाही हवा होता. तिच्यासाठी नाही — मला. ती माझ्याकडे त्या दिवशी ज्या नजरेने बघत होती, ती नजर मला मोडायची नव्हती.

भाऊचा धक्का तिथून टॅक्सीने कितीसा लांब होता? लाँच तासाभराची. संध्याकाळी चारला ती आईच्या उशाशी असती.

उलट चारला आम्ही गेटवेच्या कठड्यापाशी उभे होतो. तिने समुद्रापलीकडे बोट दाखवलं, धूसर दिसणाऱ्या डोंगराच्या रेघेकडे. "तिकडे मोरा. आई आता बाजारातून आली असेल. तिला वाटलं तरी असेल का, मी इथे उभी आहे?" आणि तिने हात हलवला. गंमत म्हणून, लहान मुलं बोटीला हलवतात तसा. मला म्हणाली, "तू पण हलव ना."

मी हात हलवला.

रविवारी सकाळी खोलीत चहा आला. ती गादीवर मांडी घालून बसली, दोन्ही हातांत कप धरून, आणि तो बेचव, गार होत आलेला चहा तिने घोट घोट करत अर्धा तास प्यायला. मी तीनदा तोंड उघडलं. आता सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हे सांगावं लागलं असतं. तुम्हाला अनुभव आहे का याचा? एक रात्र मध्ये गेली की साधी गोष्ट साधी राहत नाही.

मोऱ्याच्या धक्क्यावर लाँच लागली तेव्हा शेजारची एक बाई जाळ्यांपाशी उभी होती. वंदनाला बघून ती धावत आली. आईला पहाटे उरणला दवाखान्यात नेलं होतं. शुद्ध नव्हती. हरेशने मला पुन्हा फोन केला नव्हता; एकदा कळवलंय, येतीलच, असं त्याला वाटलं होतं.

वंदनाच्या हातात मिठाईचा पुडा होता. तो तसाच धरून ती रिक्षात बसली.

आई त्यानंतर डोळे उघडून बोलली नाही. सोमवारी सकाळी गेली. वंदना पूर्ण वेळ तिचा हात धरून बसली होती. पण हात धरणं वेगळं आणि 'वंदे, आलीस का ग' हे ऐकणं वेगळं. शनिवारी संध्याकाळपर्यंत आई बोलत होती. हरेशच्या बायकोने मला रडत रडत सांगितलं — दाराकडे बघायची, म्हणाली, आणि विचारायची, वंदी आली का.

इथे थांबलो असतो तर तुम्ही कदाचित म्हणाला असता, माणसाकडून होतं असं. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. पण मी इथे थांबलो नाही. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

रविवारी दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात हरेश मला बाजूला घेऊन गेला. रात्रभर जागा होता. डोळे सुजलेले. रागाने नाही, अगदी हळू विचारलं त्याने.

"भावजी, तुमी तायला सांगितलं नाय का?"

एवढा सोपा प्रश्न. 'नाही' म्हणायला एक क्षण लागला असता. मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित कॉलर धरली असती. मग संपलं असतं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं रे. तिला वाटलं, नेहमीचंच असेल. उद्या जाऊच म्हणाली."

हो. असं म्हणालो मी. आतमध्ये ती आईचे पाय चोळत बसली होती, आणि बाहेर मी हे म्हणालो.

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. नळापाशी गेला, तोंड धुतलं आणि आत गेला.

आणि वंदना? दहाव्याच्या दिवशी तिने मला विचारलं. "माझा फोन बंद होता, मान्य. पण हरेशने तुला तरी लावायचा ना?"

मी म्हणालो, "घाबरला असेल ग. सुचलं नसेल."

दोन वाक्यं. एक भावाला, एक बहिणीला. त्यांनी समोरासमोर बसून एकमेकांना एकदा जरी विचारलं असतं तरी मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. पहिले काही महिने मी त्याच भीतीत होतो. मोऱ्याला गेलो की दोघांना एकटं सोडायचो नाही. ते स्वयंपाकघरात गेले की मी पाणी मागायला जायचो. पण त्यांनी विचारलं नाही. वंदनाला वाटायचं, एकट्याने सगळं निभावलं बिचाऱ्याने, त्याला आता कशाला टोचायचं? हरेशला वाटायचं, आई गेली तिची, ती आधीच खचली आहे, तिला काय जाब विचारायचा? दोघं एकमेकांना जपत होते. त्यांच्या त्या मायेच्या आड मी सुरक्षित होतो.

पण मनात धरलेलं वागण्यात उतरतंच. हरेश पूर्वी महिन्यातून दोनदा पनवेलला यायचा, कोळंबी नाहीतर बोंबील घेऊन, आणि दारातूनच "ताय, कालवण टाक" म्हणून ओरडायचा. ते बंद झालं. भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, आणि "घाई हाय" म्हणून न जेवता निघायचा. वंदना त्याच्यासाठी केलेला स्वयंपाक झाकून ठेवायची. संध्याकाळी मुकाट्याने आम्हाला वाढायची. तिने कारणं शोधली. वहिनीने कान भरले असतील. मग तिला वाटलं, घराचं असेल — मोऱ्याच्या घरावर आईनंतर दोघांची नावं लागली होती. "त्याला वाटत असेल, ही हिस्सा मागेल." एक दिवस तिने स्वतःहून हक्कसोडपत्र करून दिलं. त्यावर तिने नखाएवढी छोटी सही केली, जशी ती झेरॉक्सच्या पावतीवर करायची. साक्षीदार म्हणून खाली सही मी केली.

हरेशने कागद घेतला. "कशाला केलंस?" एवढंच बोलला. तरी तो आमच्या घरी जेवला नाही.

सात वर्षं हे असं चाललं. या सात वर्षांत वंदना बदलली का? नाही, ती तशीच आहे. माझी टिंगल करते, मैथिलीशी भांडते, वीस तारखेनंतर डाएट करते. फक्त फोन कधी बंद करत नाही. सिनेमाला नाही, देवळात नाही. पर्समध्ये चार्जर असतो. आणि ते दोन दिवस — तुम्हाला हे विचित्र वाटेल — ते तिला आजही प्रिय आहेत. "बरं झालं आपण जाऊन आलो," म्हणते. "नंतर माझ्याच्याने झालं नसतं." कधी कधी लोकांना ती बाकाची गोष्ट सांगते. आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणते, "यांनीच जमवलं सगळं." मी हसतो. काय करणार?

मागच्या महिन्यात एका रविवारी हरेश आला. न सांगता. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, आमंत्रण द्यायला आला होता. केस पांढरे झालेत त्याचे. पेढ्यांचा बॉक्स दिला, पाणी प्यायला, आणि उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिला. मी समोरच्या खुर्चीत होतो. वंदना त्याच्या शेजारी.

मग तो म्हणाला, "ताय, एक बोलू? पोरीचं शुभकार्य हाय, मनात काय ठेवायचं नाय मला. आयच्या वक्ताला तू आली नाय, त्याचा राग व्हता मला. लय वर्सं व्हता. आता नाय. मी सोडलं."

आता ती विचारेल. आता ती म्हणेल, अरे, मला कळवलंस कुठे? मी खुर्चीचे हात धरून बसलो. आणि खोटं नाही सांगत, मला त्या क्षणी वाटलं, विचारू दे. एकदाचं विचारू दे.

वंदनाने मान खाली घातली. तिला काय वाटलं ते मला तिचा चेहरा बघूनच कळलं. आईच्या शेवटच्या वर्षात आपण फारसं मोऱ्याला गेलो नाही, नोकरी, मुलीची शाळा यातच अडकलो, याची टोचणी तिला आहे. अधूनमधून बोलते ती. तिला वाटलं, हरेश त्याबद्दल बोलतोय.

तिने त्याचा हात हातात घेतला. मोऱ्याच्या बोलीत म्हणाली — माहेरच्यांशी बोलताना ती अजून त्या बोलीत जाते — "चुकलंच माझं, हरेश. मी यायला पायजे व्हतं."

तो रडायला लागला. तीही रडली. चाळिशी उलटलेली दोन माणसं सोफ्यावर एकमेकांचा हात धरून रडत होती, आणि त्यांच्यापासून चार फुटांवर मी बसलो होतो. बोलायला जेवढी शांतता लागते तेवढी होती. हरेशने नाक पुसलं, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "भावजी व्हते म्हनून तू सावरलीस, ताय."

मी मान हलवली.

तो त्या दिवशी जेवून गेला. वंदना त्याला खालपर्यंत सोडायला गेली, रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली. वर आली तेव्हा तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मला बघवेना. माझ्याजवळ येऊन बसली, खांद्यावर डोकं टेकलं.

"सात वर्षं मनात धरून बसला होता," ती म्हणाली. "आणि मला पत्ताच नाही. तुला कधी काही बोलला होता का रे?"

मी म्हणालो, "नाही."